टांझानियातल्या तुरीचा माग: दूरच्या देशावर अभ्यास करताना भरवशाची माहिती कुठे शोधावी

प्रश्न असा आहे: "मॅडम, मी नाशिकरोडला राहते, एम.ए. अर्थशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. टांझानियातले तूर उत्पादक शेतकरी आणि तिथल्या सरकारची धोरणं यावर प्रबंधिका करायची आहे. गूगलवर सफारी आणि किलिमांजारोच येतं. एकाच वर्षाचे तीन ठिकाणी तीन आकडे दिसतात. सर म्हणाले, विकिपीडिया चालणार नाही. घरबसल्या, पैसे न भरता भरवशाची माहिती कुठे मिळेल?"

'एकाच वर्षाचे तीन आकडे' हे तू लिहिलंस ते फार चांगलं झालं, कारण तुझा अभ्यास तिथूनच सुरू होणार आहे. गेली 26 वर्षं मी नाशिकमधल्या एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात संदर्भ विभाग सांभाळते आहे. नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ विचारू नये, असं आपल्याकडे म्हणतात. आमच्या कामात मात्र मूळच विचारावं लागतं. हा आकडा पहिल्यांदा कुणी मोजला? कशासाठी मोजला? त्याला तो मोजता येण्यासारखा होता का? कुठलंही संकेतस्थळ सरसकट भरवशाचं नसतं, एखाद्या प्रश्नापुरतं भरवशाचं असतं. म्हणून तुला नुसती यादी देण्यापेक्षा तुझ्याच विषयाच्या मागावर चालून दाखवते.

पहिली पायरी त्या देशाचं सांख्यिकी कार्यालय. टांझानियात त्याचं नाव नॅशनल ब्यूरो ऑफ स्टॅटिस्टिक्स. जनगणना, शेतीची नमुना पाहणी, राष्ट्रीय उत्पन्न, महागाई, सगळं तिथे पीडीएफमध्ये फुकट मिळतं. आफ्रिकेतल्या देशांकडे ताजी माहिती नसते असा आपल्याकडे समज आहे, तो आधी बाजूला ठेव. टांझानियाची शेवटची जनगणना 2022 ची आहे, लोकसंख्या 6 कोटी 17 लाख भरली. आपण मात्र अजून 2011 च्या आकड्यांवर नाशिक जिल्हा 61 लाखांचा धरून बसलोय. अर्थात सगळीकडे हे चित्र नाही. नायजेरियाची शेवटची जनगणना 2006 ची, काँगो लोकशाही प्रजासत्ताकाची 1984 ची. म्हणून कुठल्याही देशावर काम सुरू करताना मी आधी एवढंच बघते की शेवटची जनगणना कधी झाली. त्यानंतरचा प्रत्येक 'दरडोई' आकडा हा अंदाजाने भागलेला असतो.

आता टांझानियाची एक खास गोम. टांगानिका 9 डिसेंबर 1961 ला स्वतंत्र झाला आणि 26 एप्रिल 1964 ला झांझिबारशी जोडला गेला. पण सगळीच खाती एक झाली नाहीत. शेती हा संघराज्याचा विषय नाही, त्यामुळे मुख्य भूमीचं कृषी मंत्रालय वेगळं आणि झांझिबारचं वेगळं. राष्ट्रीय उत्पन्नाचे आकडेही वेगवेगळे निघतात, झांझिबारचं स्वतःचं सांख्यिकी कार्यालय आहे. जागतिक बँकेच्या तक्त्यात 'टांझानिया' लिहिलेलं असतं आणि खाली बारीक अक्षरात टीप असते की उत्पन्नाचा आकडा फक्त मुख्य भूमीचा आहे. ती टीप न वाचता त्याला पूर्ण देशाच्या लोकसंख्येने भागलेलं मी शोधनिबंधांतसुद्धा पाहिलंय. तक्ता उतरवून घेताना टिपा सोडू नकोस.

असंच प्रांतांचं. 2012 मध्ये न्जोंबे, कटावी, सिमियू आणि गेइटा हे नवे प्रांत झाले, 2016 मध्ये म्बेयातून सोंग्वे वेगळा निघाला. पालघर ऑगस्ट 2014 मध्ये ठाण्यातून वेगळा झाला, त्याआधीच्या आणि नंतरच्या ठाणे जिल्ह्याची तुलना करताना जी काळजी घेशील तीच इथे घे.

वर्षाचाही घोळ आहे. टांझानियाचं आर्थिक वर्ष 1 जुलै ते 30 जून, आपलं एप्रिल ते मार्च, आणि संयुक्त राष्ट्रांच्या बहुतेक तक्त्यांत जानेवारी ते डिसेंबर. निफाडच्या बागायतदाराला 'या वर्षी किती माल निघाला' विचारलं तर त्याचं वर्ष ऑक्टोबर छाटणीपासून मोजलेलं असतं, बँकेचं वर्ष एप्रिलपासून. दोघं वेगळे आकडे देतील आणि दोघंही खरं बोलत असतील. तुझ्या तीन आकड्यांपैकी दोघांचं भांडण बहुधा इथेच मिटेल.

एका चुकीची आठवण मला आजही टोचते, म्हणून सांगते. 2014 मध्ये एका विद्यार्थ्याने नायजेरियाचं सकल उत्पन्न जवळजवळ दुप्पट झालेलं दाखवलं आणि विचारलं, हे कसं? मी तेलाच्या किमतींवर उत्तर दिलं. खरी गोष्ट वेगळी होती. नायजेरियाने मोजणीचं आधारवर्ष 1990 वरून 2010 वर आणलं होतं. मोबाइल सेवा, चित्रपट, नवे उद्योग पहिल्यांदा नीट हिशेबात आले आणि 2013 च्या उत्पन्नाचा अंदाज 89 टक्क्यांनी वाढला. लोक एका रात्रीत श्रीमंत झाले नव्हते, मोजपट्टी बदलली होती. त्या मुलाचा निष्कर्ष माझ्यामुळे चुकला. टांझानियानेही 2014 मध्ये आणि पुन्हा 2019 मध्ये आधारवर्ष बदललंय. आलेख अचानक उडी मारताना दिसला की कारणं शोधण्याआधी पद्धत बदलली का ते शोध.

आता तूर. अन्न आणि कृषी संघटनेचा फाओस्टॅट हा साठा 1961 पासूनचा आहे, पीकवार क्षेत्र आणि उत्पादन देतो, नोंदणीही लागत नाही. तिथे आकड्याशेजारी एका अक्षराची खूण असते. ए म्हणजे देशाने अधिकृतपणे कळवलेला, ई म्हणजे अंदाज, आय म्हणजे गाळलेली जागा गणिताने भरलेली. बहुतेक जण ती खूण असलेला रकाना पुसून टाकून तक्ता देखणा करतात. तू तसं करू नकोस. दहा वर्षांच्या मालिकेत सहा खुणा 'आय'च्या असतील, तर तू शेतकऱ्यांबद्दल फार कमी आणि गणिताच्या पद्धतीबद्दल फार जास्त लिहीत असशील.

व्यापारासाठी संयुक्त राष्ट्रांचा कॉमट्रेड साठा आणि आपल्या वाणिज्य मंत्रालयाची निर्यात-आयात डेटा बँक. टांझानियाने भारताला किती तूर पाठवली आणि भारताने टांझानियाकडून किती घेतली, दोन्ही बाजूंनी काढ. जुळणार नाहीत. पाठवणारा बंदरावरची किंमत लिहितो, घेणारा त्यात जहाजभाडं आणि विमा धरतो. काही माल मधल्या देशातून फिरून येतो, काही वाटेत असताना वर्ष बदलतं. तफावत थोडी असेल तर चिंता नाही, प्रचंड असेल तर तीच तुझ्या प्रकरणाची बातमी. आणखी एक: तुरीला आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात स्वतंत्र सहा आकडी क्रमांक, 071360, 2012 मध्ये मिळाला. त्याआधी ती 'इतर कडधान्यां'च्या गठ्ठ्यात होती. 2012 नंतर निर्यात 'सुरू झाली' असं कुणी लिहिलेलं दिसलं तर समजून घे की त्याने वर्गीकरण तपासलेलं नाही.

तुझ्या विषयाचा गाभा मला 2017 मध्ये दिसतो. त्या वर्षी 5 ऑगस्टला भारताच्या विदेश व्यापार महासंचालनालयाने तुरीची आयात मुक्त यादीतून काढून वर्षाला 2 लाख टनांची मर्यादा घातली. आपल्याकडे त्याआधीच्या हंगामात विक्रमी पीक आलं होतं, भाव कोसळले होते, आपल्या शेतकऱ्यासाठी तो निर्णय होता. पण म्त्वारा, लिंडी आणि मन्यारा या टांझानियाच्या प्रांतांतला शेतकरी भारताच्याच बाजारावर विसंबून तूर पेरत होता. त्याचाही भाव पडला. मे 2021 मध्ये भारताने आयात पुन्हा खुली केली. या एका घटनेची कागदपत्रं दोन्ही टोकांना पडून आहेत. इकडे महासंचालनालयाच्या अधिसूचना आणि लोकसभा-राज्यसभेतल्या प्रश्नोत्तरांचा साठा आहे. खासदार विचारतात, मंत्री लेखी उत्तर देतात, सोबत तक्ता असतो, आणि हा खजिना विद्यार्थी फार कमी उघडतात. तिकडे त्यांच्या संसदेची, म्हणजे 'बुंगे'ची, कामकाजाची शब्दशः नोंद आहे.

पण ती नोंद स्वाहिलीत आहे, आणि इथेच तुझ्या गूगलच्या तक्रारीचं उत्तर आहे. तू इंग्रजीत शोधतेस म्हणून तुला पर्यटकांसाठी लिहिलेलं मिळतं. टांझानियाचा शेतकरी, खासदार आणि वार्ताहर आपसांत स्वाहिली बोलतात. स्वाहिली रोमन लिपीत लिहितात, त्यामुळे टंकायला काही अडत नाही. तुरीला तिथे 'म्बाझी' म्हणतात, काजूला 'कोरोशो', शेतीला 'किलिमो', शेतकऱ्यांना 'वाकुलिमा', भावाला 'बेई', जनगणनेला 'सेन्सा'. सरकारला 'सेरिकाली', हे तर आपल्या कानाला ओळखीचंच वाटेल. 'बेई या म्बाझी' (bei ya mbaazi) एवढं टाकून बघ, सफारी नाहीशी होईल आणि बाजारभाव समोर येतील. शोधाच्या खिडकीत शब्दापुढे 'साइट', मग दोन टिंबं (:), मग 'गो डॉट टीझेड' हे रोमनमध्ये लिहिलंस तर फक्त सरकारी पानं येतात. 'फाइलटाइप' आणि 'पीडीएफ' जोडलंस तर अहवाल वर येतात. भाषांतरयंत्राने अर्थ लावायला हरकत नाही. पण प्रबंधिकेत ज्या वाक्याचा आधार घेणार ते मूळ स्वाहिलीसह नोंदवून ठेव. यंत्र नकार आणि होकार उलटवतं तेव्हा वाक्य वाचायला गुळगुळीतच असतं.

सरकारी कागद किती मानायचे, हा पुढचा प्रश्न. टांझानियाने 2015 मध्ये सांख्यिकी कायदा केला आणि 2018 मध्ये त्यात अशी दुरुस्ती केली की अधिकृत आकड्यांना छेद देणारी माहिती प्रसिद्ध करणं गुन्हा ठरावा. जागतिक बँकेने जाहीर चिंता व्यक्त केली, 2019 मध्ये ती तरतूद सैल झाली. त्याच 2018 मध्ये ट्वावेझा या संस्थेने मोबाइलवरून केलेल्या पाहणीत राष्ट्राध्यक्ष मागुफुली यांच्या कामाला पसंती देणारे 55 टक्के निघाले, दोन वर्षांपूर्वी ते 96 टक्के होते. त्यानंतर संस्थेकडे संशोधनाच्या परवान्याबद्दल सरकारी विचारणा झाली. कोविडच्या वेळी तर मे 2020 पासून जवळपास वर्षभर टांझानियाचा आकडा 509 रुग्ण आणि 21 मृत्यू इथेच थांबला होता, कारण सरकारने कळवणंच बंद केलं. मार्च 2021 मध्ये मागुफुली यांचं निधन झालं, सामिया सुलुहू हसन राष्ट्राध्यक्षपदी आल्या, आणि त्या वर्षाच्या मध्यापासून माहिती पुन्हा येऊ लागली. कुठल्याही जागतिक तक्त्यात तो सपाट भाग आजही दिसेल. त्यावरून साथ थांबली असं लिहिणारा विद्यार्थी खोटं बोलत नसतो, त्याला फक्त कुणी सांगितलेलं नसतं. म्हणून सांगते, 2015 ते 2021 या काळातल्या सरकारी आकड्याला शक्य तिथे दुसरा, सरकारबाहेरचा आधार जोड.

असा आधार कुठे? अफ्रोबॅरोमीटर हा 1999 पासून चालणारा लोकमताचा अभ्यास आहे, त्याचं मुख्य कार्यालय घानात अक्रा इथे आहे. तीसहून अधिक आफ्रिकी देशांत प्रशिक्षित माणसं घरोघर जाऊन विचारतात आणि प्रश्नावलीसकट सगळं फुकट देतात. टांझानियात हे काम रेपोआ ही संशोधन संस्था करते. प्रश्नावली मुद्दाम वाच, कारण प्रश्न कसा विचारला त्यावर उत्तर ठरतं. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे देशवार अहवालही वाच. त्यातली आकडेवारीच्या दर्जावरची पुरवणी छोटी आणि स्पष्ट असते, पण तिथवर कुणी पोचत नाही.

वृत्तपत्रांत मालक कोण हे आधी बघ. 'डेली न्यूज' सरकारी आहे. 'द सिटिझन' आणि स्वाहिली 'म्वानांची' ही केनियातल्या नेशन मीडिया समूहाची. सरकारी पत्र टाकाऊ नसतं. मंत्र्याने काय जाहीर केलं यासाठी तेच उत्तम. ते अमलात आलं का, यासाठी दुसरीकडे जावं लागतं. नोव्हेंबर 2018 मध्ये सरकारने किलोला 3,300 शिलिंग भाव जाहीर करून काजू उचलायला लष्कर पाठवलं, त्या काळातली दोन्ही पत्रं शेजारी ठेवून वाचलीस तर माझं म्हणणं पटेल. हे काजूचं प्रकरण तुझ्या तुरीच्या शेजारचंच आहे, कारण टांझानियाचा कच्चा काजूही मोठ्या प्रमाणावर भारतात येतो. आफ्रिका चेक ही 2012 पासूनची तथ्यतपासणी संस्था आहे. तिचे लेख निष्कर्षापेक्षा पद्धत शिकण्यासाठी वाच. ऑक्टोबर 2025 च्या निवडणुकीत इंटरनेट बंद झालं आणि मृतांच्या आकड्यांवर टोकाचे दावे झाले. अशा घटनेला हात घालणार असशील, तर एकच आकडा उचलू नकोस. कुणी कोणत्या तारखेला काय म्हटलं, ते तसंच मांड.

शोधनिबंधांसाठी आफ्रिकन जर्नल्स ऑनलाइन हा दक्षिण आफ्रिकेतून चालणारा साठा आहे, आफ्रिकेतल्या विद्यापीठांची नियतकालिकं त्यात आहेत. पण तुझ्यासाठी खरी खाण मोरोगोरोची आहे. तिथे सोकोइने कृषी विद्यापीठ आहे, आणि तिथल्या विद्यार्थ्यांचे प्रबंध त्यांच्या संस्थात्मक भांडारात खुले आहेत. तुझ्यासारखीच कुणी मुलगी मन्यारातल्या बाबाटीच्या शेतकऱ्यांकडे वही घेऊन बसलेली असते, लंडन-वॉशिंग्टनच्या अहवालात नसलेले तपशील तिच्या परिशिष्टात मिळतात. आपल्याकडचं शोधगंगा हे प्रबंधांचं भांडार बघच, मुंबई विद्यापीठातल्या आफ्रिकन अभ्यास केंद्राचं कामही बघ, ते 1971 पासून चालू आहे. पैसे मागणारा निबंध दिसला तर लेखकाला साधं, नम्र पत्र लिही. निम्म्याहून जास्त वेळा माझ्या विद्यार्थ्यांना प्रत आलेली आहे.

तुझा एक प्रस्तावनेचा परिच्छेद मला आत्ताच दिसतो आहे, आणि तो नाशिकचा आहे. शरणपूर रस्त्यावरून तू शेकडो वेळा गेली असशील. एकोणिसाव्या शतकात तिथे चर्च मिशनरी सोसायटीची वसाहत होती. ब्रिटिश आरमाराने गुलामांच्या जहाजांतून सोडवलेली आफ्रिकी मुलं तिथे शिकत. इतिहासाच्या पुस्तकांत त्यांना 'नासिक बॉइज' म्हणतात. त्यांतला एक जेकब वेनराइट. आफ्रिकेत फिरलेले स्कॉटिश मिशनरी आणि प्रवासी डेव्हिड लिव्हिंगस्टन 1 मे 1873 रोजी आजच्या झांबियात चितांबोच्या गावी वारले, तेव्हा तो त्यांच्या तांड्यात होता. त्या माणसांनी त्यांचं शव वाळवून, बांधून, पायी चालत आजच्या टांझानियाच्या किनाऱ्यावर बागामोयोला आणलं. काही महिने लागले. 18 एप्रिल 1874 ला वेस्टमिन्स्टर ॲबीत शवपेटीला खांदा देणाऱ्यांत जेकब हा एकटा आफ्रिकी होता. आता मुद्दा असा की ही हकिगत शंभर वर्षं लोक इंग्रज संपादकाने छापलेल्या ग्रंथातून वाचत आले, तो चुमा आणि सुसी या दुसऱ्या दोन सहकाऱ्यांच्या तोंडी आठवणींवर उभा होता. जेकबची स्वतःच्या हाताने लिहिलेली रोजनिशी 'लिव्हिंगस्टन ऑनलाइन' या डिजिटल संग्रहात 2019 मध्ये आली. पानाचं छायाचित्र आणि लिप्यंतर शेजारी शेजारी, फुकट. आपल्या नाशकात अक्षर गिरवलेल्या मुलाचा हात तू पडद्यावर बघू शकतेस. 'मूळ स्रोत' म्हणजे काय हे मी विद्यार्थ्यांना आता त्या पानावरूनच शिकवते, आणि दरवेळी वर्गात शांतता पसरते.

विकिपीडियाबद्दल सरांचं बरोबर आहे, पण तो उघडूच नकोस असं मी म्हणणार नाही. लेखाच्या तळाशी जा, तिथल्या संदर्भांवरून मूळ कागद गाठ, आणि लेख बंद कर. संवाद साधणाऱ्या यंत्रांबद्दल मात्र कडक सांगते. शोधशब्द सुचवायला, स्वाहिली परिच्छेदाचा ढोबळ अर्थ लावायला वापर. संदर्भ मागू नकोस. मागच्या वर्षी एका मुलाने अशी पाच निबंधांची यादी आणली. नियतकालिकांची नावं खरी होती, खंड आणि पृष्ठंही होती. त्या अंकांची अनुक्रमणिका उघडली, तर पाचपैकी तीन निबंध कधी लिहिलेच गेले नव्हते. त्याचे दोन आठवडे वाया गेले आणि त्याच्या चेहऱ्यावरची निराशा मला बघवली नाही.

जे सापडेल ते त्याच दिवशी उतरवून ठेव. सरकारी संकेतस्थळांची रचना बदलते, दुवे मरतात. अमेरिकेच्या पैशांवर चालणारा दुष्काळ-पूर्वसूचनेचा फ्यूज नेट हा साठा 2025 च्या सुरुवातीला अनुदान थांबल्यावर काही महिने दिसेनासाच झाला होता, आणि त्यावर विसंबलेले संशोधक अडकून पडले. पीडीएफ संगणकात ठेव, पानाचा पत्ता इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये जतन कर, आणि वहीत तारीख लिही. जुना दुवा मेलेला असेल तर तोच पत्ता वेबॅकमध्ये टाकून बघ, पुष्कळदा सापडतो.

आता कामाचं सांगते. सगळं एकदम शोधायला बसू नकोस. आधी फक्त 2012 ते 2022 चा टांझानियाच्या तुरीचा तक्ता कर: फाओस्टॅटचं उत्पादन खुणेच्या रकान्यासकट, टांझानियाने नोंदवलेली भारताला झालेली निर्यात, भारताने नोंदवलेली आयात, आणि प्रत्येक रकान्यावर वर्ष कुठून कुठपर्यंत ते. जिथे आकडे एकमेकांपासून सगळ्यात लांब जातील ती दोन-तीन वर्षं लाल पेनाने खुणावून घेऊन ये. त्या वर्षांच्या 'बुंगे'च्या नोंदी आणि आपल्या संसदेतली उत्तरं आपण दोघी मिळून उघडू.